उज्जैनची हरसिद्धी माता : दर्शन संध्याकाळीच घ्यावे

मुंबई सेंट्रलहून रात्री निघून अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उज्जैनला उतरणारे बहुतेक मराठी यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन उरकतात, तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या हरसिद्धी मंदिरात जेमतेम दहा मिनिटे डोकावतात आणि लगेच ओंकारेश्वराच्या वाटेला लागतात. पहिल्या खेपेस आम्हीही तेच केले होते. गाडी ठरवून देणाऱ्याने दिलेल्या वेळापत्रकात या देवळाच्या वाट्याला पंधरा मिनिटे आली होती, आणि भर दुपारी तापलेल्या फरशीवरून पाय उचलत पाहिलेल्या त्या देवळाविषयी, दोन काळ्याकुट्ट दीपमाळा वगळता, मला पुढे काहीही आठवत नव्हते. या वेळी आईसाठी मुद्दाम एका रात्रीचा मुक्काम केला आणि संध्याकाळी गेलो. देऊळ तेच होते, पण अनुभवाची तुलनाच होऊ शकत नाही.

संध्याकाळच्या वेळेला येथे परंपरेचाही आधार आहे. विक्रमादित्याची ही आराध्यदेवता दिवसा गुजरातच्या किनाऱ्यावरील मियाणीजवळच्या कोयला डुंगरावर असते आणि रात्री उज्जैनला मुक्कामी येते, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे येथील सायंआरतीला विशेष मान आहे. सतीच्या देहाचे कोपर येथे पडले म्हणून हे शक्तिपीठ, ही कथाही सांगितली जाते. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात मात्र चंड आणि प्रचंड या दैत्यांचा वध केल्यावर शंकरानेच देवीला हरसिद्धी हे नाव दिल्याचे सांगितले आहे.

देऊळ फार मोठे नाही. आवाराला चार दिशांना चार दरवाजे आहेत, आग्नेय कोपऱ्यात जुनी बारव आहे आणि तिच्यातील स्तंभावर संवत १४४७ कोरलेले आहे. सभामंडपात शिरल्यावर मान वर करून छत अवश्य पाहावे, कारण तेथे श्रीयंत्र आणि भोवती मातृकांची चित्रे रंगवलेली आहेत. रांगेतील माणसे गाभाऱ्याकडे टक लावून पुढे सरकत असल्याने ती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. गाभाऱ्यातील देवी शेंदूरचर्चित असून महालक्ष्मी, महासरस्वती आणि अन्नपूर्णा यांचीही येथे पूजा होते. आईने घरून खण आणि नारळ नेला होता. तिने ओटीचे ताट पुढे करताच पुजाऱ्यांनी ‘महाराष्ट्र से?’ एवढेच विचारले आणि न सांगता खण उलगडून देवीच्या पायाशी ठेवला. ही ओळख साहजिकच म्हटली पाहिजे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती, आणि शेजारच्या महाकालेश्वराचा जीर्णोद्धारही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीच केला.

दीपमाळा तर उघडच आपल्याकडच्या घडणीच्या आहेत. जेजुरीच्या दीपमाळा पाहिलेल्या माणसाला त्या लगेच ओळखू येतात. फरक असा की, आपल्या गावोगावच्या दीपमाळा बहुधा त्रिपुरी पौर्णिमेची वाट पाहत वर्षभर कोरड्या उभ्या असतात, आणि येथे भाविकांच्या आगाऊ नोंदणीमुळे त्या एरवीही उजळतात. सुमारे ५१ फूट उंचीच्या या दोन स्तंभांवर मिळून १०११ दिवे असल्याचे सांगतात. एकाला शिव आणि दुसऱ्याला शक्ती म्हणतात. दिवे लावणारी माणसे शिडी वापरत नाहीत. दगडातून बाहेर आलेल्या, तेलाने गुळगुळीत झालेल्या दिव्यांच्या हातांवरच अनवाणी पाय रोवत ती शेंड्यापर्यंत चढतात आणि पेटवत पेटवत खाली येतात, कारण खालून पेटवत वर गेलेल्याला उतरायला वाटच उरणार नाही. मी जवळच उभा होतो. एका तरुणाने डाव्या हाताने दगडाला मिठी मारून उजव्या हातातला पलिता शक्य तितका लांब धरला, तीन वाती एका झटक्यात पेटवल्या आणि नजर खाली न करता नेमका खालच्या दगडावर पाय टेकवला. काही मिनिटांतच दोन्ही स्तंभ शेंड्यापासून तळापर्यंत उजळले. धग आम्हाला चेहऱ्यावर जाणवत होती. त्या वेळी आवारातील निम्मी माणसे मोबाइलच्या पडद्यातूनच हे पाहत होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला मिनिटभर मीही त्यांच्यातच होतो.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आरतीच्या अर्धा तास आधी पोहोचून आधी दर्शन घ्यावे आणि मग अंगणात जागा धरावी. उलट क्रम ठेवला तर दीपोत्सव संपल्यावर सगळी गर्दी एकदम गाभाऱ्याकडे वळते आणि त्या रांगेत वयस्कर माणसांचे हाल होतात. स्तंभांच्या अगदी खाली उभे राहू नये, तेल ठिबकते. आईच्या पदरावरचे दोन डाग दोन धुण्यांनंतरही तसेच आहेत. चपला ‘फुकट’ ठेवून घेणाऱ्या बाहेरच्या एका दुकानदाराने परत देताना न मागितलेल्या प्रसादाच्या टोपलीचे दीडशे रुपये सांगितले, तेव्हा भाव आधीच विचारून घ्यावा. नवरात्रात दिव्यांची शोभा अधिक असली तरी ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्यासाठी साधा, आडवारचा दिवस बरा. फक्त त्या संध्याकाळी दीपमाळा लागणार आहेत ना, हे सकाळीच मंदिरात जाऊन विचारून यावे.