बाळ अंगावर पितंय, मग पाळणा कशानं लांबवायचा? तांबी, अंतरा की छाया

माझ्या धाकट्या जावेला पहिली मुलगी आठ महिन्यांची असतानाच पुन्हा दिवस गेले. ती एकच म्हणत राहिली, "अक्का, अजून पाळीच आली नव्हती की. अंगावर पाजतोय तोवर काय होत नाही म्हणतात."

म्हणतात ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच बायका फसतात. अंगावर पाजण्यानं दिवस राहत नाहीत, पण त्याला तीन अटी आहेत: बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि बाळाचं पोट फक्त आईच्या दुधावर भरायला हवं. दोन पाजण्यांत दिवसा ४ आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. तिन्ही पाळल्या तर १०० पैकी जवळपास ९८ जणी सुरक्षित राहतात. पण वरचं दूध, पाण्याची बाटली, भाताची पेज सुरू झाली की पिणं कमी होतं आणि हिशेब मोडतो. स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणून पाळीची वाट बघत बसलं तर उशीर होतो. जावेचं हेच झालं.

त्यामुळे सहावा महिना संपायच्या आत काहीतरी ठरवाच. आपल्याकडे खरी निवड तिघांत असते, आणि कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यांत तिन्ही मोफत मिळतात.

तांबी, म्हणजे कॉपर-टी. हिच्यात हार्मोन नसतं, त्यामुळे दुधावर काही परिणाम होत नाही. एक प्रकार १० वर्षं चालतो, दुसरा ५. काढली की लगेच दिवस राहू शकतात. वर्षभरात १०० पैकी एखादीलाच गर्भ राहतो, म्हणजे भरवशात ही सगळ्यांत पुढं. बाळंत झाल्यावर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर ६ आठवड्यांनी. लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवायची नाही. पाजणाऱ्या बाईचं गर्भाशय मऊ असतं, बसवताना त्याला इजा होण्याचा धोका किंचित वाढतो. असं क्वचितच घडतं, तरी बसवणारा हात सरावाचा हवा. मला खटकते ती एकच गोष्ट. तांबीनं पाळीत रक्त जास्त जातं, पोटातही दुखतं. पाजताना पाळीच नसते म्हणून ते आधी कळत नाही, पुढं जाणवतं. बाळंतपणात हिमोग्लोबिन ८-९ वर आलं असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

अंतरा इंजेक्शन बरोबर उलटं. दर तीन महिन्यांनी एक, आणि पाजणाऱ्या आईला बाळ ६ आठवड्यांचं झाल्यावर. आधी मधेच डाग लागतात, मग बऱ्याच जणींची पाळी थांबते. रक्त कमी असलेल्या बाईला हे बरंच, पण घरात "पाळी का येत नाही" म्हणून घोर लागतो. तो घोर नको; रक्त आत कुठं साठत नाही. बीपी फार चढलेलं असेल, पाळीच्या मार्गातून कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर अंतरा नको. आणि हे नीट ऐका: टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. आपल्याकडं सव्वा महिना उलटला तरी मालीशवाली मावशी येत असते, दंड-मांड्या रगडते, शेगडी असतेच. तिला आधीच बोट लावून जागा दाखवून ठेवा. दुसरं, इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. दीड वर्षात दुसरं मूल हवं असेल त्यांनी अंतराच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली. पाजताना चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन, मग एकच. मी ती दोन वर्षं घेतली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रविवार-बुधवारला लाल टिकली लावायची, संध्याकाळचा दिवा लावला की गोळी. टिकली नसती तर मी नक्की विसरले असते, कारण रोजची सवय लागते, आठवड्याची लागत नाही. पाळी लांबते तेव्हा दिवस राहिले की काय या भीतीनं पोटात गोळा येतो, एकदोनदा तपासणीही केली. पीसीओएस (बीजकोशात गाठी होऊन पाळी बिघडते तो त्रास), नुकतीच झालेली कावीळ, लिव्हर-किडनीचं दुखणं, टीबी असेल तर ही घ्यायची नाही.

माला-एन ही गोळी मात्र बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत नकोच. तिच्यातल्या इस्ट्रोजेननं दूध कमी होऊ शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. शेजारणीनं दिली म्हणून घेऊ नका. निरोध पहिल्या दिवसापासून चालतो, बाकीचं ठरेपर्यंत तोच वापरा. फक्त दर वेळी वापरला तरच उपयोग. आणि मुलं पुरी झाली असतील तर बाईच्या ऑपरेशनआधी नवऱ्याच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं बोला. ती सोपी आहे, मात्र त्यानंतरही तीन महिने निरोध लागतो.

जावेचं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा तिनं तांबी आधीच ठरवून, नवऱ्याशी बोलून ठेवली होती. वार पडल्यावर तिथंच बसवून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "एवढी घाई कशाला?" ती म्हणाली, "आत्या, घरी गेल्यावर मला दवाखान्यात यायला कोण सोडणार?" सहाव्या आठवड्याला मीच तिला घेऊन गेले. तांबी जागेवर होती.