सांगलीतील एक आगाऊ अंत्यविधी योजना: माणसे चांगली, करार कच्चा

आपल्या पश्चात कोणाची धावपळ नको म्हणून आमच्या आत्याने तीन वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेची अंत्यविधी योजना घेतली आणि चार हप्त्यांत 24,000 रुपये भरले. गेल्या पावसाळ्यात विश्रामबागेतील घरी ती गेली.

रात्री अडीच वाजता संस्थेने फोन उचलला, पाऊण तासात शववाहिका दारात आली आणि तिरडीपासून मडक्यापर्यंतचे सामान घेऊन आलेल्या दोन मुलांनी इतक्या अदबीने सारे उरकले की आम्हाला काहीही बघावे लागले नाही. एवढ्यापुरते बोलायचे, तर पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

सावडण्याच्या दिवशी मात्र 7,500 रुपयांचे वेगळे बिल हातात पडले. त्यात लाकडाची दरवाढ आणि रात्रीचा जादा आकार होता, शिवाय दहाव्याची तयारी योजनेत बसत नसल्याचेही सांगण्यात आले. माहितीपत्रकावर ‘सर्व विधी समाविष्ट’ असे ठळक छापलेले आहे; करारात त्या ‘सर्व’चा अर्थ अग्नी देईपर्यंत एवढाच आहे, आणि तोही बारीक टाइपात. घाटावर कावळ्याची वाट पाहत असताना कलमे वाचण्याची वेळ कोणावर येऊ नये.

त्याहून गंभीर बाब म्हणजे माहितीपत्रकात ‘विमा’ हा शब्द वापरला आहे, पण आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचा नोंदणी क्रमांक कोठेही नाही. खऱ्या आयुर्विम्यात पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते आणि वाद झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते; इथे दोन्ही नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आहे खरा, परंतु सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम सहसा त्यातील ठेवीच्या व्याख्येत येत नाही. म्हणजे पैसे वीस वर्षे संस्थेकडे पडून राहिले, तरी ते कोणत्या खात्यात आहेत हे विचारणारा कोणी नाही. ब्रिटनमध्ये मार्च 2022 मध्ये ‘सेफ हँड्स’ ही कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे 46,000 योजनाधारक अडचणीत आले. 29 जुलै 2022 पासून तिथे अशा योजना वित्तीय नियामकाच्या अखत्यारीत आल्या, त्या फोन करून गळ्यात मारण्यास आणि दलालांना कमिशन देण्यास बंदी झाली. आपल्याकडेही ग्राहकाचा पैसा स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवण्याची आणि समाविष्ट बाबींची यादी पहिल्याच पानावर छापण्याची सक्ती हवी.

बिल आम्ही हरकत नोंदवून भरले. रात्रीच्या आकाराचे 1,500 रुपये लेखी मागणीनंतर परत मिळाले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. संस्थेचे मुख्य कार्यालय परगावी असले, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आईसाठीही याच योजनेचा अर्ज घरी आला होता. ती रक्कम आम्ही पोस्टात, तिच्या आणि माझ्या नावे ठेवली आहे.