दोन गावांच्या शाळा एक करण्याचा अहवाल: पाचपैकी दोन तारे

आमच्या आणि शेजारच्या गावाच्या स्कूल डिस्ट्रिक्टनी (गावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थांनी) मिळून एका सल्लागार कंपनीकडून विलीनीकरणाचा अभ्यास करून घेतला. त्या सेवेचा हा रिव्ह्यू. न्यू जर्सीत २०२२ च्या कायद्यापासून अशा अभ्यासाला राज्याचं अनुदान मिळतं, त्यामुळे बिल थेट आपल्या अंगावर आलेलं नाही. पण फुकटात मिळालं म्हणून तपासायचंच नाही, असं थोडंच आहे? माझं रोजचं कामच हिशेब तपासायचं, तेव्हा अहवाल जोडपत्रांसकट वाचला. विलीनीकरणाला माझा विरोध आहे हेही आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी “पण तुमचं आधीच ठरलेलं होतं” म्हणायला नको.

जे जमलंय ते जमलंय. आठवीपर्यंत दोन गावांच्या शाळा वेगळ्या आणि नववीपासून हायस्कूल एकत्र, ही आपली व्यवस्था. त्यामुळे एका गावची मुलं आठवीतच अल्जेब्रा उरकून येतात आणि दुसऱ्या गावची हायस्कूलमध्ये जाऊन सुरुवात करतात. हा घोळ अहवालाने इयत्तेनुसार स्वच्छ मांडलाय. त्या प्रकरणाला माझ्याकडून पूर्ण गुण. फक्त एकच विचारते: दोन्हीकडच्या गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम जुळवायला डिस्ट्रिक्ट मोडावे लागतात का?

आता पैसे. बचतीचा मोठा आकडा येतो तो ऑफिसांतून: एकच सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी), एकच बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर, एकच ऑडिट. त्याला घरांच्या संख्येने भागलं तर वर्षाकाठी हाती राहतात ते चौघांनी एकदा बाहेर जेवून यावं इतके पैसे. हा भागाकार अहवालात नाही, तो मी केला. दुसरीकडे, दोन डिस्ट्रिक्टचे शिक्षक एका करारात आले की पगाराचे तक्ते सहसा वरच्या तक्त्याकडे सरकतात. कमी पगारावर यायला कोण तयार होईल, आणि का व्हावं? हा खर्च अहवालात “वाटाघाटींवर अवलंबून” एवढ्या दोन शब्दांत गुंडाळलाय. बचत मात्र डॉलरपर्यंत मोजलेली.

पुराव्यादाखल सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डंकम आणि यिंगर यांचा न्यूयॉर्कच्या ग्रामीण डिस्ट्रिक्टवरचा अभ्यास दिलाय. अभ्यास चांगलाच आहे. पण त्यात ३०० मुलांचे दोन डिस्ट्रिक्ट एक केले तर माणशी खर्च पाचव्या हिश्शाहून जास्त घटतो, आणि १,५०० मुलांचे दोन केले तर बचत त्याहून बरीच कमी राहते. आपली गावं कुठल्या टोकाला आहेत ते शाळेच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं तरी कळतं. अहवालाने सारांशात उचललाय तो पहिलाच आकडा.

मला सगळ्यात खटकलं ते वाहतुकीचं जोडपत्र. “इमारतींचा पुरेपूर वापर” या गोंडस नावाखाली चौथीपर्यंतची सगळी मुलं एका इमारतीत आणि पाचवी ते आठवी दुसऱ्या गावच्या इमारतीत, असा बेत आहे. आणि वाढीव बस खर्च? शून्य! न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाला बसचा हक्क मिळतो तो घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच. हायस्कूलला ही मर्यादा अडीच मैल. आमच्या बाजूची बरीचशी घरं नव्या शाळेपासून दोन मैलांच्या जरा आत पडतात. नियमाने बस नाही, म्हणून खर्चही नाही.

त्या दोन मैलांत काय आहे ते मी चालून पाहिलं. मध्ये चौपदरी हायवे. तो ओलांडला की पेट्रोल पंपापर्यंत फुटपाथ, पुढे नुसती पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडे उतार. बर्फ पडला की तो हटवणाऱ्या गाडीने लोटलेला ढीग नेमका त्या रेघेवर येऊन बसतो. दहा वर्षांच्या पोराला कुठली आई तिथून चालत पाठवेल? ती गाडी काढेल किंवा डिस्ट्रिक्टने बस दिलीच तर तिचे पैसे भरेल. म्हणजे खर्च होणारच आहे, फक्त तो अहवालातून उठून आमच्या स्वयंपाकघरातल्या हिशेबात येणार आहे.

करवाटपाचं कोष्टक मात्र प्रामाणिक आहे. शाळांच्या खर्चातला गावागावांतला वाटा घरांच्या मूल्यावर ठरवायचा, मुलांच्या संख्येवर की दोन्हींच्या मिश्रणावर, याप्रमाणे कोणाचा टॅक्स चढतो नि कोणाचा उतरतो ते सरळ दिसतं. एका सूत्रात आपण बुडतो, दुसऱ्यात शेजारी. विलीनीकरणावर मतदान दोन्ही गावांत वेगवेगळं होणार, तेव्हा हे पान फ्रिजवर लावून ठेवा.

आदर्श म्हणून न्यू जर्सीतल्याच हेन्री हडसन डिस्ट्रिक्टचं उदाहरण दिलंय. अटलांटिक हायलँड्स आणि हायलँड्स या दोन गावांनी २०२३ मध्ये कौल दिला आणि जुलै २०२४ पासून त्यांचे दोन आणि सामाईक हायस्कूलचा तिसरा, अशा तीन डिस्ट्रिक्टचा एक झाला. पण तिथे त्याआधीच तिन्हींना मिळून एकच सुपरिंटेंडंट होता, हे अहवाल सांगत नाही. म्हणजे ऑफिसातली बचत वाटून घेता येते, त्यासाठी गावचं शाळा बोर्ड बरखास्त करावं लागत नाही. या पर्यायाला आपल्या अहवालात अर्धं पान! माझ्या मते सगळा अभ्यासच त्यावर व्हायला हवा होता.

परतीच्या वाटेबद्दल तर अवाक्षर नाही. व्हरमाँटच्या रिप्टन गावाने २०२१ मध्ये आपली छोटी शाळा वाचवायला एकत्रित डिस्ट्रिक्टमधून बाहेर पडायचं ठरवलं, पण प्रशासनाचं काम बघायला कोणी मिळेना, आणि शेवटी त्यांना मागे फिरावं लागलं. एकदा आपलं बोर्ड गेलं की मोठ्या बोर्डात आपल्या दोन-तीन खुर्च्या, आणि गावची शाळा बंद करायचा ठराव आला तर त्या पुरणार नाहीत.

दोन तारे दिलेत ते अभ्यासक्रमाच्या प्रकरणाला आणि करवाटपाच्या कोष्टकाला. अहवालावरच्या सुनावणीला जाणार असाल तर सारांश सोडून द्या, आधी वाहतुकीचं जोडपत्र वाचा, आणि आपल्या घरापासून नव्या शाळेचं अंतर काढून कागदावर लिहून न्या. सल्लागार त्या रात्री हजर असणार आहेत, आणि प्रश्न विचारायला माणशी तीनच मिनिटं मिळतात.