ब्रेक ड्रमची भट्टी : एक ऊसतोड हंगाम वापरल्यावर

खंडेनवमीला पूजा करून ही भट्टी पेटवली, आता आषाढ लागलाय. मधे ऊसतोडीचे कोयते झाले, पेरणीआधी कुळवाची पास नि नांगराचे फाळ झाले. एवढं काम निघाल्यावर लिहायला हरकत नाही.

भट्टीचं अंग म्हणजे टेम्पोचा भंगारातला ब्रेक ड्रम, आतून 12 इंच. कोयत्याला एवढी रुंद आग लागत नाही, ती नुसता कोळसा खाते. म्हणून वारुळाची माती, राख आणि भाताचं तूस मळून कडेने लिंपलं आणि 6 इंच तोंडाची, 4 इंच खोल वाटी ठेवली. खाली दोन इंची पाइपचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. आडव्या तोंडाला ब्लोअर, खालच्या तोंडाला राख पाडायचं झाकण. वारा कमी-जास्त करायला ब्लोअरच्या तोंडाशी सरकता पत्रा आहे, तो पुरतो.

पहिला महिना मात्र डोक्याला ताप. तळाला भोकं पाडलेली जाड पट्टी मी वेल्ड करून बसवली होती. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाचा नीट कोक (धूर निघून गेल्यावर उरणारा घट्ट कोळसा) होत नाही, आणि राख तर भरपूर. ती वितळून कीट होतं नि तासाभरात भोकं बंद. वारा लागेना, कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) लाल होऊन तिथंच अडायचा. आग उपसा, कीट फोडा, पुन्हा पेटवा. एकदा वैतागून वर पाणी मारलं आणि ड्रमला वीतभर चीर गेली. तापल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पाणी घालू नये हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही!

अण्णांनी ते बघून एवढंच विचारलं, "जे जळणारच आहे ते डकवून कशाला ठेवलंस?"

पट्टी कापून टाकली. आता पाइपच्या तोंडावर 12 मिलिमीटरच्या दोन सळया नुसत्या आडव्या ठेवलेल्या असतात. कीट साचलं की ब्लोअर दोन मिनिटं बंद ठेवायचा. ते तळाशी थिजतं आणि आकडी घातली की भाकरीसारखं अख्खं उचलून येतं. कड काळी काचेसारखी, मधे भोकं. वरची आग तशीच राहते. सळया आजवर चारदा बदलल्या, चारही वेळा भंगारातल्याच तुकड्यांनी.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतला कोक सुपारीएवढा फोडून निम्मा मिसळला तर कीट आणखी कमी होतं. पण नुसता कोक घेऊ नका, वारा थांबला की तो विझतो.

तक्रारी दोन. ब्लोअर थांबवून परत लावताना पाइपात साठलेला धूर पेटतो आणि 'धप्प' होतं. पहिल्यांदा मी सांडशी टाकून पळालो होतो. आता थांबताना खालचं झाकण उघडं सोडतो. दुसरं म्हणजे पावसाळा. कोळशाच्या राखेत गंधक असतं, ती ओली झाली की पत्रा खाते. ज्येष्ठात आठवडाभर राख तशीच राहिली, तर भट्टीच्या पत्र्याच्या ताटाला बोट जाईल एवढं भोक पडलं. रोज राख काढायला हवी, तिथे कुठलंही डिझाइन कामाला येत नाही.

ब्लोअरही वेल्ड केलेला नाही, क्लॅम्पवर आहे. लाइट गेली की तो काढून त्याच पाइपाला जुन्या भात्याचं तोंड लावतो, आणि आईला हाक मारतो.