पोच द्यायची की होकार? इंग्रजी मेलमधले नेमके शब्द

मराठीत 'पोच' या एका शब्दावर आपलं भागतं. अर्ज आवक खिडकीवर दिला, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडली, काम झालं. इंग्रजी मेल लिहिताना मात्र हात अडखळतो. तिथे पोच द्यायच्या तऱ्हा अनेक आणि प्रत्येकीचं वजन वेगळं.

'आय अ‍ॅक्नॉलेज रिसीट ऑफ युवर लेटर' हे सगळ्यांत निर्धोक. पत्र मिळालं एवढंच ते सांगतं, मजकूर पटला की नाही याबद्दल चकार शब्द नाही. 'आय अ‍ॅम इन रिसीट ऑफ युवर लेटर' याचा अर्थही तोच, पण त्याला जुन्या सरकारी पत्राचा वास येतो. ऑफर लेटरची पोच द्यायची असेल तर मी पहिलंच निवडेन. (बोलताना 'रिसीट' म्हणा, स्पेलिंगमधला 'पी' मुका आहे.) 'रिसीव्ह्ड विथ थँक्स' आपल्या पावतीपुस्तकावर छापलेलं असतं, तिथेच ते शोभतं. सहकाऱ्याला 'गॉट इट, थँक्स' पुरे.

जपायचं ते 'अ‍ॅक्सेप्ट'ला. नोटिशीच्या प्रतीवर 'रिसीव्ह्ड, कंटेंट्स नॉट व्हेरिफाइड' असा शिक्का मारतात तो याचसाठी: कागद घेतला, आतलं तपासलेलं नाही. 'आय अ‍ॅक्सेप्ट युवर ऑफर' म्हणजे पोच नव्हे, होकार. पगाराचा आकडा अजून ठरायचा असेल तर हा शब्द मेलमध्ये येऊच देऊ नका.

पुराव्याच्या बाबतीत आपली गडबड वेगळी. मराठीत 'पुरावा' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत 'एव्हिडन्स' एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवतो, 'प्रूफ' ती सिद्ध करतं. तक्रार करताना हातात दोन स्क्रीनशॉट असतील तर 'एव्हिडन्स' म्हणणं प्रामाणिकपणाचं. पैसे भरल्याची पावती मात्र 'प्रूफ ऑफ पेमेंट'. आपल्याकडचं 'अ‍ॅड्रेस प्रूफ' इथे सर्रास चालतं. ब्रिटनला कागद पाठवताना 'प्रूफ ऑफ अ‍ॅड्रेस' लिहा.

'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' या म्हणीतलं 'प्रूफ' तर पुरावा नव्हेच, ती परीक्षा आहे. पूर्वीचं पुडिंग म्हणजे बहुधा आतड्यात भरून शिजवलेलं मांस. ते नीट झालंय का हे खाऊनच कळायचं. नवी पद्धत राबवण्याआधी 'करून बघू, मग ठरवू' असं म्हणायचं असेल तर ही म्हण चपखल बसते. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' तिच्या जागी ठेवू नका. तिथे गोष्ट डोळ्यांसमोर असते, इथे ती अजून चाखायची असते.

राहिलं 'शो मी द रिसीट्स'. 2002 मध्ये अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांनी टीव्ही मुलाखतीत ड्रग्जवरच्या खर्चाचा आरोप झटकताना पावत्या दाखवा असं म्हटलं, आणि पुढे इंटरनेटवर 'रिसीट्स' म्हणजे पुरावे असा अर्थ रुळला. मित्रांच्या ग्रुपवर खुशाल वापरा. साहेबांना मेल करताना मात्र 'कुड यू प्लीज शेअर द सपोर्टिंग डॉक्युमेंट्स?' एवढंच लिहा.