कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक, एका ग्रुपसोबत: 5 पैकी 3 स्टार

मागच्या शनिवारी भाच्याच्या नादी लागून केटूएस, म्हणजे हाच कात्रज ते सिंहगड ट्रेक, केला. ग्रुपचं नाव घेत नाही, पोरं मनाने चांगली आहेत, पण जाहिरातीत 'बिगिनर्ससाठी सोपा' लिहिलंय ते आधी काढा रे बाबांनो. मी 43 वर्षांची, बँकेत दिवसभर खुर्चीत, व्यायाम म्हणजे संध्याकाळी सोसायटीत चार फेऱ्या.

जुन्या बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाजवळून सुरुवात, चांदणं मस्त, खाली हायवेचे दिवे, पहिल्या तीन टेकड्या मी चक्क गाणी म्हणत चढले. टेकड्या तेरा आहेत म्हणतात, मी सातनंतर मोजणं सोडलं. चढाला धाप लागते पण दोन मिनिटं थांबलं की श्वास जागेवर येतो, खरी वाट लागते उतारावर, घसारा असा की बूट ठरत नाही आणि प्रत्येक पावलाला मांडीने ब्रेक मारायचा. ब्रेक मारताना स्नायू आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो, त्यामुळे आत बारीक बारीक इजा होते. हे लीडने, म्हणजे ग्रुप नेणाऱ्याने, सुरुवातीला सांगून काठ्या आणायला लावल्या असत्या तर बरं झालं असतं. मेसेजमध्ये फक्त 'टॉर्च मस्ट'.

दुसरी तक्रार पाण्याची. '2 लिटर पुरे' म्हणाले, माझं पाणी निम्म्या वाटेतच संपलं. मग पोटरीत असा गोळा आला की मी खालीच बसले. लीड धावत आला, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओआरएसचं अख्खं पाकीट ओतलं आणि हलवून दिलं. पाकिटावर स्पष्ट लिहिलंय, 1 लिटर पाण्यात! एवढं घट्ट पाजलं तर पोट बिघडतं, जास्तीचं मीठ जातं ते वेगळंच. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरोबर नाही, घामातून मीठ गेलेलं असतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं, पण म्हणून हे? मी भाच्याच्या बाटलीत निम्मं ओतून दोन्हीकडे पाणी वाढवलं.

पण सगळ्यात विचित्र प्रकार डोक्याचा. पहाटे तीनच्या सुमाराला मी भाच्यावर टॉर्च डोळ्यावर मारली म्हणून इतकी खेकसले की तो गप्पच झाला, आणि पुढच्या चढावर मला उगाचच रडू यायला लागलं. काही झालं नव्हतं हो! "मावशी, चिडू नको, हे खा" म्हणत त्याने गुळाची चिक्की दिली, दहा-पंधरा मिनिटांत जग परत बरं दिसायला लागलं. रात्रीची झोप नाही, साखर उतरलेली, त्यात दमलेलं अंग, माणूस चिडका होणारच. तीनला दहा मिनिटं थांबून सगळ्यांना सक्तीने काहीतरी खायला घातलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती (एक नवरा-बायको तर वेगवेगळे चालत होते).

चांगलं ते पण सांगते. मागचा स्वीपचा मुलगा, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारा, सोनं आहे, माझ्यासोबत रखडला पण एकदाही "चला चला" केलं नाही. आणि सकाळी सिंहगडावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, वारा, तेव्हा अंगात जे हलकं हलकं वाटत होतं त्याला तोड नाही, दोन स्टार त्याचेच.

निघताना लीड म्हणाला, "उद्या दुखेल, लॅक्टिक ॲसिड असतं." अरे, ते तास-दोन तासांत निघून जातं, दुखतं ते उतारावरच्या त्या इजेने, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. सोमवारी मी बँकेचा जिना कठड्याला धरून आडवी-आडवी उतरले, मंगळवारी उलटी. दुखणं ठीक, पण पाय सुजले, जोरच राहिला नाही किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर घरी शेकत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. हेही त्यांच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

परत जाणार का? भाचा विचारतोय. डिसेंबरमध्ये, काठ्या आणि 4 लिटर पाणी घेऊन, पण दुसऱ्या ग्रुपसोबत. तो स्वीपचा मुलगा तिकडे आला तर फारच छान.