एक्सएफएलआर५ आणि ओपनफोम: मॉडेल विमानासाठी आठ महिने वापरल्यानंतर

रेडिओ नियंत्रणावर उडणारी विमाने मी घरीच बनवतो. आजवर दुसऱ्यांच्या नकाशांवरून बाल्सा कापत आलो. गेल्या वर्षी मात्र दीड मीटर पंखविस्ताराच्या विमानाचा आराखडा स्वतः काढायचे ठरवले आणि लाकडाला पाते लावण्यापूर्वीच त्याच्यावरून हवा कशी वाहील हे पाहता येईल का, याचा शोध सुरू केला. हवेच्या प्रवाहाचे गणित करणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना कित्येक लाखांत जातो, त्यामुळे तो मार्ग मुळातच बंद होता. अन्सिसची विद्यार्थी आवृत्ती विनामूल्य मिळते, परंतु गणितासाठी हवेचे छोट्या घरांत तुकडे पाडणारी जी जाळी लागते, तिच्या आकाराला त्यात मर्यादा आहे. सिमस्केल ब्राउझरमध्ये चालते, मात्र त्याच्या विनामूल्य खात्यातील प्रकल्प सर्वांना खुले राहतात. माझ्या चुका चारचौघांत मांडण्याची मला हौस नव्हती. शेवटी एक्सएफएलआर५ आणि ओपनफोम ही दोन मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घेतली.

एक्सएफएलआर५ चा गाभा म्हणजे एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्राम. पंखाच्या छेदाभोवतीचा प्रवाह आणि पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर यांचे गणित तो एकत्र सोडवतो. आंद्रे देपेरुआ यांनी त्याला खिडक्या-बटणांचे रूप दिले आणि संपूर्ण पंख व शेपटी यांचे विश्लेषण त्यात जोडले. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही एका छेदाचा आलेख काही सेकंदांत तयार होतो.

मॉडेल विमानांच्या बाबतीत सारे अडते ते रेनॉल्ड्स अंकापाशी, म्हणजे वेग व पंखाची रुंदी यांबरोबर वाढणाऱ्या आणि हवेचा चिकटपणा किती जाणवेल हे सांगणाऱ्या आकड्यापाशी. माझ्या विमानाचे वजन ९०० ग्रॅम, पंखाची रुंदी सर्वत्र २० सेंटिमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने येथील हवा थोडी विरळ धरावी लागते. तशी ती धरली की ०.५ या लिफ्ट गुणांकाला (पंख किती उचल देतो त्याचे माप) वेग सेकंदाला सुमारे १० मीटर आणि रेनॉल्ड्स अंक सव्वा लाखाच्या आसपास येतो. या पट्ट्यात पृष्ठभागालगतचा शांत थर मध्येच सुटतो, खवळतो आणि पुन्हा चिकटतो. त्या जागी हवेचा एक लांबट बुडबुडा तयार होतो आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो. मी निवडलेल्या क्लार्क-वाय या प्रचलित छेदाच्या दाबाच्या आलेखात वरच्या पृष्ठाच्या रेषेवर एक छोटे पठार दिसू लागले, तेव्हा आधी माझेच काही चुकले असे वाटले. कोन अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढवत गेलो, तसे ते पठार पंखाच्या पुढच्या कडेकडे सरकत गेले. हा तोच बुडबुडा आहे, हे तेव्हा कुठे ध्यानात आले. थर किती लवकर खवळेल हे ठरवणारा एनक्रिट हा आकडा प्रोग्राममध्ये मुळात ९ असतो. तो ५ केला, म्हणजे हवा अधिक खळबळती मानली, की बुडबुडा आखडतो.

सुरुवातीचे दिवस कष्टाचे गेले, हे मान्य केले पाहिजे. मी छेदाचा आलेख फक्त सव्वा लाखासाठी काढला होता आणि संपूर्ण विमानाचे विश्लेषण स्थिर लिफ्टच्या पद्धतीने चालवत होतो. त्या पद्धतीत कोन कमी झाला की वेग वाढतो, वेगाबरोबर रेनॉल्ड्स अंक वाढतो आणि हाताशी असलेल्या आलेखांच्या बाहेर जातो. मग प्रोग्राम एकामागून एक बिंदू नाकारत राहतो. साठ हजारांपासून चार लाखांपर्यंतचे आलेख एकदम काढून ठेवल्यावर ही कटकट थांबली. दुसरी चूक सर्वस्वी माझी होती: रचनेत पंख पुढे सरकवला, पण गुरुत्वमध्याचा आकडा जुनाच ठेवला, आणि दोन संध्याकाळी एका अस्थिर विमानाची कारणे शोधण्यात घालवल्या.

खरी कसोटी अर्थातच मैदानावर लागली. उदासीन बिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेला की विमान अस्थिर होते ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ८६ मिलिमीटरवर आला होता. त्यावरून पंखाच्या रुंदीच्या १० टक्के अंतर स्थिरतेसाठी राखून मी गुरुत्वमध्य ६६ वर ठेवला. पहाटे वारा पडलेला असताना विमान उडाले खरे, पण एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) बोट लागताच ते उसळत होते. कारण उघड होते: एक्सएफएलआर५ मध्ये विमानाचे धड गणिताबाहेर ठेवावे असा खुद्द कर्त्याचाच सल्ला आहे, आणि पुढे आलेले नाक प्रत्यक्षात उदासीन बिंदू पुढे ओढते. नाकात २० ग्रॅम शिसे घालून गुरुत्वमध्य ६० वर आणला, तेव्हा विमान शहाण्यासारखे उडू लागले. पंख अचानक लिफ्ट सोडतो त्या कोनाचा आकडा मात्र आशावादी निघतो. प्रत्यक्षात विमान त्याआधीच मान टाकते, म्हणून उतरताना वेग थोडा जास्तच ठेवावा.

ओपनफोमचा अनुभव निराळा आहे. २००४ पासून ते मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे, त्याची क्षमता अफाट आहे, आणि त्याला स्वतःची खिडकी नाही; सगळा कारभार मजकुराच्या फाइलींतून चालतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे स्पोकन ट्युटोरियल नसते, तर मी पहिल्याच आठवड्यात नाद सोडला असता. वीस लाख घरांची जाळी सोडवायला लॅपटॉप रात्रभर घरघरत असे, आणि सकाळी पॅराव्ह्यू या चित्रे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उमटणारी रंगीत चित्रे पाहून घरचेही प्रभावित होत. परंतु खळबळीचे गणित करणारे के-ओमेगा एसएसटी हे नेहमीचे प्रारूप थर पहिल्यापासूनच खवळलेला मानते, म्हणून वर सांगितलेला बुडबुडा त्या चित्रांत नव्हताच. शांत थर कुठे खवळतो हे सांगणारे लँग्ट्री-मेंटर यांचे संक्रमण प्रारूप ओपनफोममध्ये आहे, मात्र त्याला पृष्ठभागाशी जाळीचे इतके बारीक थर लागतात की माझ्या यंत्राची स्मृती अपुरी पडली.

त्यामुळे पंख, शेपटी आणि गुरुत्वमध्य यांचे निर्णय मी आता एक्सएफएलआर५ वरच घेतो. ओपनफोम काढून टाकलेले नाही. चाकांचे पाय आणि मोटरच्या थंडाव्यासाठी नाकाला पाडलेले छिद्र यांच्याभोवती हवा कशी घुटमळते हे एक्सएफएलआर५ दाखवू शकत नाही, आणि तेवढ्यासाठी एखादी रात्र लॅपटॉपची घरघर मी सोसतो.